सातव्या थराची पनवती

हिंदुराव साळुंखे चालायला लागले की बघणाऱ्याला वाटावं, या माणसाने लहानपणी फूटपट्टी गिळली आहे आणि ती अजून पचलेली नाही. छाती पुढे, हनुवटी वर, दोन्ही हात अंगापासून वीतभर लांब. भवानी चाळीतून कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला निघाले तरी थाट झेंडावंदनाला निघाल्याचा. वाटेत कोणी भेटलं तर त्यांची नजर आधी त्याच्या पाठीकडे जायची आणि मग तोंडाकडे. "काय रे, पोक काढून चाललायस? म्हातारा झालास काय?" हा त्यांचा नमस्कार. माणसाची लायकी त्याच्या कण्यावरून कळते असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ठाम मतांचा त्यांच्याकडे कधीच तुटवडा नव्हता.

हा ताठपणा त्यांच्या वडिलांचा. वडील साताऱ्याकडून कारखान्याच्या नोकरीला अंबरनाथला आले आणि येताना फक्त आवाज घेऊन आले. जेवताना पोरगा जरा वाकला की त्याच्या पाठीत धपाटा बसायचा. धपाटे खाऊन माणूस सरळ होतो, असा निष्कर्ष हिंदुरावांनी त्यातून काढला. दुसराही काढता आला असता, पण त्यासाठी थोडा विचार करावा लागला असता. पुढे ते स्वतः एका केमिकल कंपनीत सुपरवायझर झाले. ते राऊंडला आले की कामगारांच्या हातून पाना निसटायचा, बादली कलंडायची, शिडीवरचा माणूस शिडीला मिठी मारायचा. हिंदुराव हे सगळं बघून म्हणायचे, "एकाच्या हातात दम नाही." आणि घरी येऊन सांगायचे, "वचक आहे माझा."

घरी रखमाबाई होत्या. लग्न झाल्यापासून रखमाबाईंनी हिंदुरावांना दिलेला प्रत्येक चहा निम्मा कपात आणि उरलेला बशीत असायचा. स्वयंपाकघराच्या दारातून खुर्चीपर्यंत चार पावलं, तेवढ्यात कप बशीवर खडखडायला लागायचा. हिंदुराव खुर्चीत ताठ बसून ती चार पावलं डोळ्यात तेल घालून बघायचे. "सांड, सांड अजून. एवढा कप धड आणता येत नाही!" याच रखमाबाई शेजारच्या बकुळामावशीकडे सत्यनारायणाला ट्रेभर सरबताचे ग्लास घेऊन सगळ्या चाळीतून फिरायच्या आणि थेंब सांडायचा नाही. पण तिथे हिंदुराव पुरुषांच्या खोलीत बसलेले असायचे, त्यामुळे ही गोष्ट त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

आता हा माणूस रिटायर झाला. ओरडायला कामगार उरले नाहीत. मग त्यांनी भवानी चाळीच्या गोविंदा पथकाची शिट्टी घट्ट धरली.

शिट्टी म्हणजे कोचची शिट्टी. पथकात ज्याच्या गळ्यात ती, त्याचा शब्द शेवटचा. कोणी कुठे उभं राहायचं, कोणी कधी चढायचं, बसलेल्या थराने कधी उठायचं, सगळं त्याच्या इशाऱ्यावर. हिंदुराव तरुणपणी खालच्या थरात उभे राहायचे, तेवढ्या पुण्याईवर शिट्टी त्यांच्या गळ्यात आली आणि बरीच वर्षं तिथेच राहिली. सहा थर त्यांच्या पथकाने पुष्कळदा लावले. सात थर मात्र कधीच नाही. दरवर्षी थर चढत जायचा, सहाव्यापर्यंत यायचा आणि खालून कुठूनतरी थरथर सुरू व्हायची. मग पत्त्यांचा बंगला कोसळावा तसं सगळं खाली.

यंदा गुरुपौर्णिमेला सरावाचा नारळ फुटला आणि त्याच दिवशी पोरांनी त्यांना तोंडावर सांगितलं. बोलला विकास. हा विकास पथकाचा सगळा कारभार बघायचा, टेम्पो ठरवण्यापासून गाद्या आणण्यापर्यंत. तो म्हणाला, "काका, राग नका मानू. ह्या वर्षी सात लागले तर प्रश्नच नाही. नाही लागले, तर पुढच्या वर्षी शिट्टी दुसऱ्याकडे देऊ. सगळ्यांचं तसंच म्हणणं आहे."

"दुसऱ्याकडे म्हणजे तुझ्याकडे," हिंदुराव म्हणाले.

हिंदुरावांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "आधी खांदे सरळ कर, मग शिट्टीची स्वप्नं बघ." बोलले असे, पण रात्री झोप लागली नाही. शिट्टी गेली तर गळ्यात काय उरणार, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला होता.

सराव शाळेमागच्या मैदानात चालायचा. हिंदुरावांचा मुलगा जितेश तिसऱ्या थरात असायचा. चोवीस-पंचवीसचा, खांद्याने रुंद, अंगाने मजबूत. ही जागा हिंदुरावांनीच त्याला दिली होती. साळुंख्यांचा पोरगा मध्यावर उभा आहे आणि त्याच्यावर चार थर आहेत, हे चित्र त्यांना डोळे भरून बघायचं होतं. आणि बघायचे ते. थराच्या बरोबर समोर कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि जितेशवरून नजर हलवायचे नाहीत.

"जितेश! मान सरळ! गुडघा बघ तुझा! अरे, गुडघा हलतोय, दिसत नाही काय? लाज आण जरा!"

झालं. जितेशचे खांदे कानाला लागायचे, पाय लाकडासारखे कडक व्हायचे आणि त्या लाकडात कंप सुटायचा. तो कंप खांद्यावरून चौथ्या थरात, चौथ्यातून पाचव्यात जायचा. वर चढलेला समर्थ, सगळ्यात हलका म्हणून ज्याला सातवा थर दिला होता, तो हेल्मेट सांभाळत कमरेला बांधलेल्या दोरीला लोंबकळायचा. बाकीचे गाद्यांवर.

पथकांत अशा वेळी एकच निदान असतं: पनवती. कोणीतरी अपशकुनी आहे, त्याला शोधून काढा, थर आपोआप लागेल. हिंदुराव शोधायला लागले. पहिला सापडला सुजित. श्रावणी सोमवारी त्याने भुर्जीपाव खाल्ला, अशी बातमी लागली. हिंदुरावांनी त्याला भर मैदानात उभं करून विचारलं, "खाल्लीस का?"

"एकच प्लेट होती, काका."

सुजित गेला. थर हलायचा राहिला नाही. मग गाद्यांची जागा बदलली, कारण त्या दक्षिणेला होत्या. मग बेसच्या पोरांच्या मनगटांना काळे दोरे बांधले. मग मैदानाच्या चार कोपऱ्यांत लिंबं ठेवली, ती दुसऱ्या दिवशी कोणीतरी सरबताला नेली. विज्ञानाच्या काळात एवढी शोधमोहीम एका शहाण्या माणसाने चालवली. फक्त त्या मोहिमेत स्वतःकडे बघायचं राहून गेलं.

विकासची मावसबहीण निशा बदलापूरला फिजिओथेरपिस्ट होती. पोरांचे मुरगळलेले पाय बघायला ती रविवारी यायची. हिंदुरावांनी जितेशला तिच्यापुढे उभं केलं. "ह्याच्या गुडघ्यात फॉल्ट आहे. काय तो पट्टा-बिट्टा दे."

निशाने जितेशला एका पायावर उभं केलं, डोळे मिटायला लावले, खांदे दाबून पाहिले. तेव्हा हिंदुराव फोनवर बोलायला बाजूला गेले होते आणि जितेश बगळ्यासारखा निवांत उभा होता. ते परत आले तसा तो डुलायला लागला आणि त्याला दुसरा पाय टेकावा लागला.

"काका, गुडघा चांगला आहे," निशा म्हणाली. "माणूस टेन्शनमध्ये आला की सगळं अंग आवळून घेतो. श्वास अडकतो, सांधे कडक होतात. तोल धरायचा तर अंगाला थोडं इकडेतिकडे सरकता आलं पाहिजे, आवळलेल्या माणसाला ते जमत नाही. तो ताठ दिसतो, पण पडतो आधी."

"टेन्शन? ह्याला कसलं टेन्शन? दोन वेळ खातो, झोपतो."

"कोणी सारखं ओरडत असेल, तर..."

"म्हणजे माझ्यामुळे?"

"मी कुठे नाव घेतलं, काका?" निशा म्हणाली आणि आपली बॅग आवरायला लागली.

हिंदुरावांनी मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की आजकाल कोणीही डॉक्टर होतं.

दहीहंडी आठवड्यावर आली. टी-शर्ट छापायला उल्हासनगरच्या कॅम्प दोन वस्तीत दिले होते, ते आणायला हिंदुराव स्वतः गेले. विकासला रंगातलं काय कळतं! त्यांना यायला उशीर होईल म्हणून पोरांनी सराव सुरू केला. पण काम लवकर झालं. हिंदुराव गठ्ठा घेऊन रिक्षातून उतरले, शाळेच्या मागच्या बोळातून आले आणि कोपऱ्यावरच्या टेम्पोआड जागच्या जागी थांबले.

मैदानात सात थर उभे होते.

विकास खाली उभा राहून हलक्या आवाजात काहीतरी सांगत होता. कोणी ओरडत नव्हतं. बेसची पोरं एकमेकांना बिलगून शांत उभी होती. वर समर्थने दोन्ही हात उचलून सलामी दिली होती. आणि तिसऱ्या थरात जितेश खांदे सैल सोडून, वरच्याचे पाय धरून उभा होता आणि शेजारच्याशी चक्क हसत होता. वजन एका बाजूला झुकलं की तोही मऊपणे थोडा झुकायचा आणि परत मध्यावर यायचा. हिंदुरावांनी आपल्या पोराला असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोला, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका वेळ या माणसाला नावं ठेवली, पण तेवढा एक क्षण तो कोणाही बापासारखा बाप होता.

मग त्यांनी शिट्टी फुंकली. आनंद झाला तर दुसरं काय करायचं हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. जोरात फुंकली आणि वर ओरडले, "जितेऽऽश! मान सरळ!"

जितेशचे खांदे कानाला लागले. पुढचं सांगायला नको.

गाद्यांवर ढीग पडला होता आणि हिंदुराव त्याच्यापुढे गठ्ठा हातात घेऊन उभे होते. पोरं उठत होती, कोपरं चोळत होती. कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. हिंदुरावांनी गठ्ठ्याकडे बघितलं. टी-शर्ट गडद निळे होते. अंधारात काळेच दिसले असते.

"हेच," ते म्हणाले. "काळा रंग मैदानात आला आणि थर गेला!"

दुसऱ्या दिवशी ते सगळे टी-शर्ट परत कॅम्प दोनला गेले. छापणाऱ्याने कपाळाला हात लावला, पण नवे पिवळे छापून दिले. घरी हिंदुरावांनी सगळी हकिकत रखमाबाईंना ऐकवली. रखमाबाईंनी भाजी निवडता निवडता एवढंच विचारलं, "तुम्ही यायच्या आधी उभे होते ना?"

"मग काय! सात! सलामीसकट!"

"बरं," असं म्हणून त्या भाजी धुवायला आत गेल्या.

गोपाळकाल्याच्या दिवशी पिवळे टी-शर्ट घालून पथक कॅम्प दोनच्या चौकात पोचलं. डीजे दणदणत होता, गच्च्या भरल्या होत्या, हंडी उंच बांधलेली. त्यांचा नंबर आला. हिंदुराव थरासमोर आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले, शिट्टी दातांत धरून, नजर जितेशवर लावून. थर चढला. सहावा बसला, उठायला लागला, आणि तिसऱ्या थरात लाकूड झालेल्या दोन पायांत कंप सुटला. हिंदुराव ओरडले. जितकं ओरडले तितका कंप वाढला. गच्चीवरून 'अरेरे' झालं.

आयोजकांनी माईकवरून सांगितलं, भवानी चाळीला आणखी एक चान्स. शेवटचा.

पोरं गोल करून उभी राहिली. जितेशची हनुवटी खरचटली होती. हिंदुराव त्याच्यापुढे गेले. "माझं नाक कापायला जन्माला आलास काय? सगळ्या कॅम्पासमोर..."

"पप्पा," जितेश म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक होता की हिंदुराव गप्प झाले. "पप्पा, तुम्ही नका बघू. पाया पडतो तुमच्या. तुम्ही बघितलं की मला माझे पाय कळत नाहीत."

"काय?"

"खरं सांगतोय. वरच्यांचं वजन पेलतं मला. तुमचं नाही पेलत."

हिंदुरावांनी मदतीसाठी विकासकडे बघितलं. विकास त्यांच्याकडेच बघत होता. समर्थ बघत होता. पिवळ्या टी-शर्टातलं सगळं पथक त्यांच्याकडे बघत होतं. सगळ्यांना आधीच ठाऊक असलेली गोष्ट त्या सगळ्यांच्या तोंडावर दिसत होती. हिंदुराव कमरेवर हात ठेवायला गेले आणि गुडघा लटकन हलला. उजवा. मग डावाही. भर दुपारी, सपाट डांबरी रस्त्यावर, डोक्यावर कोणाचंही वजन नसताना हिंदुराव साळुंख्यांचा तोल गेला. त्यांनी टेम्पोची फळी धरली. इतक्या नजरा अंगावर घेऊन सरळ उभं राहणं काय असतं, ते त्या माणसाला उतारवयात, फळीला धरून कळलं.

त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली. विकासच्या हातात दिली. मग ते चौकाच्या कडेला गेले आणि बंद दुकानाच्या शटरकडे तोंड करून उभे राहिले.

शटरशेजारी एक सिंधी दुकानदार स्टूल टाकून मजा बघत बसला होता. त्याने या उलट्या उभ्या माणसाकडे बघितलं. "साईं, तमाशा इधर आहे ना!"

"माझा मुलगा आहे त्यात," हिंदुराव शटरला म्हणाले.

"तो देखो ना!"

"मी बघितलं की पडतो."

दुकानदाराला काय समजायचं ते समजलं असावं. मग त्याने स्टूल हिंदुरावांच्या जवळ ओढलं आणि न विचारता सांगायला लागला. "चौथा चढला. अच्छा चढला. पाचवा बसला... उठला. साईं, हिलता नहीं है. छठा... वो पतला लडका वर जातोय."

"तिसऱ्यातला कसा आहे?" हिंदुरावांनी विचारलं. "डावीकडून दुसरा. हनुवटीला लागलंय बघा त्याच्या."

"वो? वो तो खडा है आराम से. जैसे बस स्टॉपवर उभाय!"

हिंदुरावांनी कपाळ शटरला टेकवलं. लोखंड उन्हाने तापलं होतं, तरी त्यांनी कपाळ काढलं नाही. मागे चौक एकदम शांत झाला, डीजेवाल्यानेसुद्धा आवाज खाली केला, आणि मग फट्टकन मडकं फुटलं. आख्खा कॅम्प ओरडला. दह्याचे शिंतोडे उडाले, त्यातले चार हिंदुरावांच्या पाठीवर पडले. सात थर लागले होते आणि ज्याने आयुष्यभर त्यांची वाट बघितली, त्याने त्यातला एकही बघितला नव्हता.

आता एवढं झाल्यावर माणूस बदलला, नम्र झाला, असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण हिंदुराव ते हिंदुरावच. टेम्पोत बसेपर्यंत त्यांचा कणा परत सरळ झाला. अंबरनाथ येईपर्यंत छाती पुढे आली. दिवेलागणीला चाळीत शिरताना भेटेल त्याला ते सांगत होते, "निर्णय घ्यायला छाती लागते! मी बाजूला झालो म्हणून लागले सात. दुसऱ्या कोणाला जमलं असतं?"

घरी येऊन ते आपल्या खुर्चीत बसले. जितेश कॉटवर पाय लांब करून पडला होता. हिंदुरावांनी चहा टाकायला सांगितला आणि आतल्या बाईला ऐकू जाईल असं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शटर, सिंधी, शिंतोडे. "तेव्हा माझ्या लक्षात आलं, आपण बघायचं नाही. बस्स! त्यागच म्हणायचा हा एक प्रकारचा!"

रखमाबाई कपबशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि तिथेच थांबल्या.

हिंदुरावांची नजर सवयीने बशीवर गेली. "आण की. उभी काय राहिलीस?"

"तिकडं तोंड करा," रखमाबाई म्हणाल्या.

"काय?"

"पोरासाठी केलंत ना? मग करा. भिंतीकडं."

हिंदुरावांनी तोंड उघडलं. जितेश कॉटवर उठून बसला होता. मग खुर्ची कुरकुरली आणि हिंदुराव साळुंखे हळूहळू कॅलेंडरच्या भिंतीकडे वळले.

मागून पावलं आली. सावकाश, एकामागून एक. कपाचा खडखडाट त्यांच्या कानांनी सवयीने शोधला, पण तो आलाच नाही. टीपॉयवर काहीतरी अलगद ठेवल्याचा आवाज झाला आणि पावलं परत गेली.

त्यांनी मान वळवून बघितलं. कप काठोकाठ भरलेला होता. लग्न झाल्यापासून हिंदुरावांनी पहिल्यांदाच कोरडी बशी बघितली.